रुमालातल्या बांगड्या

घंटा होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही — झालं, एवढाच नियम, ताई. तुमच्या ठाण्याच्या केंद्रात तो भिंतीवर लावलेला असेल, आमच्या काल्हेरला तो दौलतकाकांच्या तोंडात असतो. तेच हे, खुर्चीत बसलेत ते. आमचं ध्यान मंडळ यांनीच सुरू केलं. आधी जकात नाक्यावर होते, तीस वर्षं, त्यामुळे माणसांना जागच्या जागी थांबवायची सवय आहे — हसताय काय काका, खरंच बोलतेय. आणि झोपाळ्यावर माझे बाबा, बाळाराम, आणि दारात उभी ती राहीआत्या, बाबांची थोरली बहीण. बसा ना, अशा खालीच बसा, फरशी गार आहे. मी वाल सोलता सोलता बोलले तर चालेल? रविवारी आईचं वर्षश्राद्ध, शंभर पान तरी होईल, आणि बिरडं तिला आवडायचं म्हणून मीच हट्ट धरला. तो टेपरेकॉर्डर जरा लांब ठेवा, पाणी उडतं. अजून चालू नाही ना केला? बरं. मी सांगेन तेव्हा करा.

तर तुम्हाला पाहिजे काय, तर अनुभव. स्मरणिकेत छापायला. माहितीय मला, काकांनी मजकूर आधीच लिहून ठेवलाय, मी वाचलाय — ‘कै. कमळताई यांना ध्यानावस्थेत समाधी लाभली, शेजारी बसलेल्या त्यांच्या कन्येने हे प्रत्यक्ष अनुभवले.’ ती कन्या म्हणजे मी, विनिता. आणि रविवारी वरच्या हॉलमध्ये आईच्या फोटोखाली उभं राहून मी तेच वाचून दाखवायचं, म्हणजे तुमच्या केंद्राकडून आमच्या मंडळाला मान मिळणार, आईच्या आसनाला कायमची जागा मिळणार. आठ दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही. आत्या म्हणते, ‘दोन वली वाचाच्या त्यान तुजा काय जातंय?’ तेच तर मी आठ दिवस शोधतेय, ताई. दोन ओळी वाचण्यात माझं काय जातंय.

आईबद्दल सांगू? सांगते. आई ध्यानाला बसायचीच नाही खरं तर. म्हणजे वर हॉलमध्ये बसायची, दर गुरुवारी चार ते पाच, बाबांनी हॉल मंडळाला दिलेला, मग घरचीच बाई आली नाही तर कसं दिसेल — पण बसणं म्हणजे तुम्ही म्हणता तसं नाही. तिला जमायचंच नाही. गुडघे धरायचे. दहा मिनिटांत एक पाय पसरायची, मग दुसरा, मग पदर सारखा करायची, मग खाजवायची, आणि प्रत्येक वेळी बांगड्या वाजायच्या. हातात डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या, आमच्यात बायका घालतातच भरून. सगळा हॉल असा शांत — बाहेर गोडाऊनला ट्रक मागे घेताना ती गाणी वाजतात तेवढीच — आणि मध्येच छन्न. काकांच्या कपाळावर आठी. माझ्याही कपाळावर, खोटं कशाला सांगू. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन दापोड्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात बिलिंगला लागले होते, गुरुवारी मुद्दाम सकाळची शिफ्ट घेऊन यायची, मला वाटायचं आपलं ध्यान काय छान लागतं, वीस-वीस मिनिटं पापणी हलत नाही. आणि शेजारी ही आई. घोरायची पण कधी कधी! मी कोपरानं ढोसायची, ती दचकून म्हणायची, ‘जागी हाय, जागी हाय,’ आणि मागच्या बायका फिस्स करून हसायच्या.

मी एकदा चिडून विचारलं होतं तिला, तुझं मन लागत का नाही गं? मागच्या ओट्यावर बसली होती, अशीच, वाल सोलत. म्हणाली, ‘मन गेला त जाव दे. म्हस खाडीवर जाते, तिच्या मागं धावतंव का आपन? सांजच्याला येते बराबर गोठ्यान.’ आमच्याकडे म्हशी होत्या ना आधी, शेतं गोडाऊनखाली जायच्या अगोदर. मी म्हटलं, आणि नाही आली तर? म्हणाली, ‘त बोलवाची. मारून आनलेली म्हस दूध देते का?’ आणि पाय पसरतेस ते? ‘दुखलं त पसरावं. द्येवाला काय पाय न्हाय? त्याला कलतंय.’ मी हसले. मला वाटलं, अडाणी बाई, हिला काय कळणार. मी पुस्तकं वाचत होते ध्यानावरची, पेन्सिलीनं खुणा करून. आणि ती तिथे बसलेली, पाण्यातला वाल दोन बोटांत धरून असा दाबायचा — हा असा, बघा, साल इकडे, डाळ तिकडे — तासन्‌तास, घाई नाही, चिडचिड नाही, मध्येच खाडीकडे बघत बसायची, मध्येच स्वतःशी हसायची, मध्येच दाणा निसटून गेला तर ‘गेलास? जा,’ असं त्याला म्हणायची. ध्यान काय असतं ताई? तुम्हीच सांगा, तुम्ही केंद्रातल्या. नको, राहू दे. तुम्ही सांगाल ते पाठ आहे मला.

मग त्या बांगड्यांचा तोडगा निघाला. काकांनीच काढला. सवाशीण बाईला बांगड्या काढ असं कोण सांगणार, आत्यानं घर डोक्यावर घेतलं असतं — म्हणून काका म्हणाले, रुमाल बांधा. दोन्ही हातांना, बांगड्यांवरून गच्च, म्हणजे वाजणार नाहीत. सगळ्या बायकांना नाही हं, फक्त आईला. आणि बांधायचं काम माझं. दर गुरुवारी पावणेचारला ती हात पुढे करायची, दोन्ही हात, मनगटं जोडून, आणि म्हणायची, ‘बांद गो पोलीसबाय.’ मी बांधायची. बाबांचे पांढरे रुमाल, इस्त्रीचे, एकेका मनगटाला एकेक. गाठ मी फार छान मारते.

चालू केलात? करा, करा, हरकत नाही. मला काय लपवायचंय. सगळं गावच होतं तिथे.

मागच्या वर्षी, दोन हजार सहा साली, मे महिना होता. गुरुवार. चार वाजता बसलो. साडेचारच्या आत लाइट गेली — तुम्हाला ठाण्यात कमी, आमच्याकडे भिवंडी तालुक्यात लोडशेडिंग म्हणजे रोजचं — पंखे बंद पडले, आणि पंखे बंद पडल्यावर हॉल किती शांत होतो ते तुम्हाला माहीत नाही. चाळीस माणसं आणि उकाडा. घाम मानेवरून खाली जातोय तो कळतोय, पण पुसायचा नाही. का, तर नियम. मला आठवतंय, मी मनात म्हणत होते, वा, काय कसोटी आहे, आज हलले नाही तर खरं. आईचा श्वास मला ऐकू येत होता. जरा मोठा होता. मला वाटलं झाली सुरुवात, आता घोरणार. मग तो पण थांबला. मला वाटलं, चला, आज आई पण बसली नीट.

पाच वाजता काकांनी घंटा वाजवली, सगळ्यांनी हात चोळून डोळ्यांवर धरले, उठले, आणि आई तशीच. ताठ. पाठीमागे खांब, एका बाजूला मी, डोळे मिटलेले, मान किंचित वर. मी हात लावणार तेवढ्यात काका म्हणाले — काका, तुम्हीच सांगा ना तुम्ही काय म्हणालात. राहू दे, मी सांगते. म्हणाले, ‘हात लावू नका. समाधी लागलीये.’ आणि चाळीस माणसं हात जोडून उभी राहिली. दहा मिनिटं, ताई! दहा मिनिटं आम्ही सगळे माझ्या आईकडे हात जोडून बघत उभे होतो. कोणीतरी अगरबत्ती लावली. आत्या रडायला लागली, आनंदानं, ‘माजी वयनी तरली’ म्हणून. बाबा समोर गुडघ्यावर बसले — इतकी वर्षं मी त्यांना आईकडे असं बघताना पाहिलं नव्हतं — लग्नात बघितलं असेल तर असेल. आणि मी? मी पण हात जोडले. बी.एस्सी., फर्स्ट क्लास.

मग एक माशी आली आणि तिच्या ओठावर बसली. हलली नाही. माशी पण आणि आई पण. तेव्हा मी खाली बसले, रुमाल सोडायला घेतला — मनगट गार. मेमध्ये, त्या उकाड्यात, गार. आणि गाठ सुटेना. मी बांधली होती तशी ती नव्हतीच, ताई. मी साधी गाठ मारते, एक टोक ओढलं की सुटेल अशी. गाठीचं दुसरंच टोक ओढलेलं होतं. उलटं ओढलं की ती गच्च होते, सुटत नाही. रुमालाला थुंकी लागलेली. एका हाताची बोटं चालत नसतील, दातांनी ओढत होती ती. म्हणजे तिला — कळलं ना तुम्हाला? तिला बांगड्या वाजवायच्या होत्या. नियम तिनं पाळला, हाक नाही मारली, पण बांगड्या वाजल्या असत्या तर त्या काही तिनं मुद्दाम वाजवल्या असं झालं नसतं. सगळे डोळे मिटून होते. दात लावून ओढताना तिला कोणी बघितलं नाही. चाळीसातल्या एकानंही नाही.

नाही, मी ठीक आहे. पाणी नको. तुम्ही पण सोला दोन दाणे, असं नुसतं बघत बसू नका माझ्याकडे. असं धरा — हां — दाबा. गेला? जाऊ दे.

टेम्पोतून नेलं. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग, तुम्ही आज आलात ना त्याच पुलावरून, तुम्हालाच तास लागला म्हणालात. बाबा टेम्पोतून उतरून ट्रकवाल्यांच्या दारांवर हात मारत होते, ‘भाई साब, साइड दो, मेरी घरवाली है’ — बाळाराम शेठ, ज्याच्या जागेवर त्या ट्रकांची निम्मी गोडाऊनं आहेत. दवाखान्यात डॉक्टरनं एवढंच विचारलं, ‘किती वेळ झाला?’ बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी काकांकडे. कोणाला माहीत? डोळे मिटलेले ना सगळ्यांचे. डॉक्टर म्हणाला, अ‍ॅटॅक होता, लगेच आणलं असतं तर... चांगला माणूस होता. आणि घरी येईपर्यंत अ‍ॅटॅकची समाधी झालेली होती. अंत्ययात्रेला खारेगावापासून लोक आले. पाया पडायला. माझ्या पण पाया पडले, समाधी लागलेल्या बाईची मुलगी म्हणून.

हो आत्या, बाहेरच्या माणसांपुढे बोलणार मी. मान्सा आयलीन म्हणूनच बोलतेय. घरात बोलले तर तुम्ही कोणी ऐकता का?

मी सहा महिने वर गेले नाही. नाही, ताई, देवावर राग वगैरे नाही, तुमच्या अनुभवांमध्ये असतं तसं काही नाही. मी डोळेच मिटत नव्हते. डोळे मिटले की ती गाठ दिसायची. काका समजवायला यायचे, म्हणायचे, विचार येतील, ढकलून द्यायचे, कठोर व्हायचं मनाशी. मी प्रयत्न केला, हं. ढकलायची मी, आणि ती दुप्पट जोरानं परत यायची. मग एक दिवस मागच्या ओट्यावर बसले होते, संध्याकाळी, खाडीला भरती होती, चहाचा कप हातात, पाय खाली सोडलेले, हलवत — आणि ती गाठ आली. आणि मला ढकलायचा कंटाळा आला. खरंच, कंटाळा. म्हटलं, ये. बस. आलीस ना, मग बस बाजूला. आणि ती बसली. मी रडले, चहा प्यायले, पाय दुखला तेव्हा मांडी बदलली, नाक पुसलं, मध्येच कावळे मोजले, मध्येच ऑफिसातलं कोणाचं तरी बिल आठवलं — आणि कधीतरी अंधार पडला आणि मला कळलं की तासभर झाला. घंटा नाही, काही नाही. म्हशीसारखं मन आपलं आपण घरी आलेलं.

तेव्हापासून रोज बसते. तशीच. नीट बसत नाही. भिंतीला टेकते, डोळे कधी उघडे, कधी मिटलेले, डुलकी लागली तर झोपते. एखाद्या दिवशी नुसतीच चिडचिड होते, तर म्हणते, ठीक आहे, आज चिडचिड. कोणी शाबासकी देणार नाहीये आणि कोणी ढोसणार पण नाहीये. आईला हे सगळं येत होतं, ताई, पुस्तकाशिवाय, आणि आम्ही तिला शिकवायला निघालो होतो. तिला ताठ बसवायला. ताठ बस, सरळ बस, म्हणून मी तर शेवटपर्यंत — त्या दिवशी पण ती कलली तेव्हा मी —

काही नाही.

नाही, काही नाही म्हटलं ना.

कलली म्हणजे काय, कलली. माझ्या खांद्यावर. लाइट गेल्यावर थोड्या वेळानं. तो मोठा श्वास म्हटलं ना मी, त्यानंतर. डोकं आलं तिचं, इथे, तेलाचा वास आला मला तिच्या केसांचा. जड लागलं. आणि मला वाटलं, झोपली. आता काका बघतील, बायका हसतील, आणि माझं इतकं छान लागलेलं मोडेल. म्हणून मी डोळे न उघडता — डोळे नाही उघडले मी, ताई, एवढासा वेळ लागला असता — कोपरानं तिला बाजूला केलं. सरळ केलं. जोरात नाही. पण केलं. दातांनी सोडवता आली नाही गाठ, म्हणून माझ्याकडे आली असेल, मी बांधलेली होती ना. आणि मी तिला परत खांबाला टेकवून दिलं. ताठ. ती जी समाधी तुम्ही सगळ्यांनी बघितली, मान वर, पाठ सरळ — ती मी बसवलेली होती. तिची नव्हती ती. ती तर माझ्या अंगावर पडत होती.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. बाबांना पण नाही. ते चालूच आहे ना तुमचं यंत्र? लाल दिवा दिसतोय. राहू दे. पुसू नका.

ओट्यावर बसते तेव्हा हे पण येतं. रोज येतं. आधी मला वाटायचं कोपर कापून टाकावा. आता त्याला पण म्हणते, ये. मला माफ केलंय असं काही कुणी सांगत नाही तिथे, हलकं पण वाटत नाही, तसलं काही लिहू नका. फक्त तो क्षण येतो तेव्हा मी हलते. एवढंच करते. खांदा असा थोडा खाली घेते. तिचं डोकं नीट बसेल एवढा. असतं कोणी तिथे? कोणी नसतं. पण मी हलते.

आता ऐका, काका, तुम्ही पण. बाबा, तुम्ही पण. मी रविवारी तो कागद वाचणार नाही. ‘समाधी’ हा शब्द माझ्या आईच्या नावापुढे छापायचा नाही, छापलात तर मी प्रत्येक घरी जाऊन सांगेन की ती रुमाल चावत होती. तिचं आसन वर हॉलमध्ये फोटोखाली नको, मला द्या, मी त्यावर पाय पसरून बसेन. आणि तुमचा नियम मी पाळणार नाही. आणि का म्हणून विचारणार. का? का उघडायचे नाहीत डोळे? शेजारचं माणूस मरतं तेव्हा असं आत काय बघायचं असतं, जे तेव्हाच बघायला लागतं? सांगा ना, काका. जकात नाक्यावर एवढ्या गाड्या अडवत होतात, मला अडवा.

आत्या?

बाबा, तुम्ही तरी. मला माहितीय तुम्हाला समाधी का पाहिजे. तुम्ही दुसऱ्या ओळीत होतात, तिच्या समोर, हात लांब केला असता तर पोचला असता. समाधी नसेल तर मग आपण दोघांनी काय केलं, तेच उरतं. मला पण नको होतं ते, बाबा. पण खोटं बोलून मला तिला परत ताठ नाही बसवायचं. एकदा बसवलं तेवढं पुरे झालं.

बोला ना कोणीतरी. रागवा. नेहमी रागवता ना, कॉलेजात जाऊन शिंगं फुटली म्हणता. म्हणा.

झोपाळा का थांबवलात?

ताई, ते बंद करा. आता त्याच्यात काही येणार नाही. आणि तो हातातला दाणा टाका पातेल्यात, कधीचा धरून बसलात. निघा तुम्ही, पुलावर अडकाल.